काचेचं अस्वल आणि सोनेरी बूट: बालचित्रपटांना पुरस्कार देतं कोण?

दर वर्षी एक-दोनदा तरी ही बातमी येते. आपल्याकडच्या एखाद्या चित्रपटाला परदेशातल्या महोत्सवात बालचित्रपटाचा पुरस्कार. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरते, टाळ्या वाजतात, आणि मग एखादी मावशी विचारते, "हे ऑस्करसारखं असतं का गं? आणि हा पिक्चर लागलाय कुठे?" दोन्ही प्रश्न अगदी रास्त. पण बातमीत दोन्हींचं उत्तर सहसा नसतं.

मी दर मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आसपासच्या मुलांना सिनेमे दाखवते. भाड्याचा प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंज्या. सिनेमा निवडताना सुरुवातीला मी 'पुरस्कारप्राप्त' या शब्दावर डोळे मिटून भिस्त ठेवली आणि दोनदा हात पोळले. मुलं अर्ध्यातच उठून खाली खेळायला गेली. तेव्हापासून पुरस्काराच्या नावाआधी मी एकच गोष्ट शोधते: तो दिला कोणी? मोठ्यांनी की मुलांनी? या एका प्रश्नाने पुढचं बरंच काही उलगडत जातं.

सोन्याचं अस्वल वेगळं, काचेचं वेगळं

फेब्रुवारी २०१४ मध्ये अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिनच्या महोत्सवात 'क्रिस्टल बेअर' म्हणजे काचेचं अस्वल मिळालं. अस्वल हे बर्लिन शहराचं चिन्ह, म्हणून तिथल्या मुख्य बक्षिसांवर तेच. मुख्य स्पर्धेतल्या सर्वोत्तम चित्रपटाला सोन्याचं अस्वल मिळतं, काचेचं मिळतं ते मुला-मुलींच्या विभागात. आपल्याकडे तेव्हा बऱ्याच जणांनी दोन्ही एकच समजून अभिनंदन केलं, आणि फरक कळल्यावर काहींनी "म्हणजे छोटं बक्षीस" म्हणून नाक मुरडलं. दोन्ही चुकलं.

मोठ्या महोत्सवात एकच स्पर्धा नसते, तिथे 'विभाग' असतात. आपल्या राज्य नाट्य स्पर्धेसारखंच हे. तिथे हौशी मराठी नाटकांची स्पर्धा वेगळी आणि बालनाट्यांची वेगळी. बालनाट्याचं पहिलं बक्षीस हे हौशी नाटकाचं चौथं बक्षीस नसतं. मैदान वेगळं, प्रेक्षक वेगळे आणि कसोटीही वेगळी.

बर्लिनमध्ये हा विभाग १९७८ साली सुरू झाला. त्याचं पहिलं नाव मला फार आवडतं. जर्मनमधून आणायचं तर ते साधारण असं होईल: 'सहा वर्षांपासून पुढच्या माणसांसाठी सिनेमा'. मुलांसाठी नाही म्हटलं, माणसांसाठी म्हटलं. सहा वर्षांचं पोरसुद्धा माणूस आहे, त्याला स्वतःचं मत आहे, हे त्या नावातच मान्य करून टाकलेलं. २००४ मध्ये चौदा वर्षांपुढच्यांसाठी निराळी स्पर्धा जोडली गेली, आणि २००७ पासून सगळ्या विभागाचं नाव 'जनरेशन' झालं. धाकट्यांची स्पर्धा 'केप्लस' आणि थोरल्यांची 'फोर्टीनप्लस'.

ज्युरीत बसलेली अकरा मुलं

ज्युरी म्हणजे परीक्षक मंडळ. 'किल्ला'ला अस्वल दिलं ते केप्लसच्या बालज्युरीने, म्हणजे बर्लिनमधल्या अकरा मुलांनी. मंत्र्यांची किंवा नटांची मुलं नव्हेत. आदल्या वर्षी महोत्सवात सिनेमा पाहून त्याबद्दल प्रश्नावली भरून देणाऱ्या मुलांमधून ती निवडली जातात. काय आवडलं, काय खटकलं, का, हे ज्याने मन लावून लिहिलं, त्याला पुढच्या वर्षी परीक्षकाच्या खुर्चीत बसायला मिळतं. मग ती मुलं स्पर्धेतले सगळे चित्रपट पाहतात, आपसात वाद घालतात, निर्णय घेतात आणि निर्णयामागचं कारणही लिहून देतात.

आता एक प्रश्न उरतो. जर्मन मुलांना मराठी सिनेमा कळला कसा? पडद्याखालची अक्षरं सहा-सात वर्षांच्या मुलाला भराभर वाचता येत नाहीत. म्हणून केप्लसच्या खेळांना एक माणूस माइकसमोर बसतो आणि सिनेमा चालू असताना सगळे संवाद तिथल्या तिथे जर्मनमध्ये बोलून दाखवतो. डबिंग नव्हे, कारण मूळ आवाज पुसला जात नाही. कोकणातल्या पोरांचे मराठी आवाज, पावसाची सर, समुद्राची गाज, आणि त्यावर हलकेच बोलणारा एक जर्मन आवाज. आजी पोथी वाचता वाचता मध्येच थांबून नातवंडांना अर्थ सांगते ना, तसं काहीसं. मुलं मूळ भाषेचा सूरही ऐकतात आणि गोष्टही त्यांच्या हातून निसटत नाही.

"मुलांना काय कळतं?"

ही शंका येणारच. मलाही यायची. तिचं उत्तर मला २०१५ सालच्या निकालात सापडलं.

त्या वर्षी केप्लसमध्ये नागेश कुकुनूर यांचा 'धनक' होता. दृष्टी गेलेला आठ वर्षांचा छोटू आणि त्याची दहा वर्षांची बहीण परी, राजस्थानच्या वाळवंटातून निघालेली. शाहरुख खानला गाठायचं आणि छोटूचे डोळे बरे करून घ्यायचे, हा परीचा ध्यास. गाणी आहेत, गंमत आहे, वाटेत भेटणारी भली माणसं आहेत. स्पर्धेत दुसरा होता स्वीडनच्या सान्ना लेन्केन यांचा 'माय स्किनी सिस्टर'. फिगर स्केटिंग करणारी मोठी बहीण खाणंपिणं टाकते, आतून आजारी पडत जाते, आणि हे गुपित एकट्या धाकटीला ठाऊक असतं.

केप्लसमध्ये दोन ज्युरी होत्या: एक मुलांची आणि एक वेगवेगळ्या देशांतल्या जाणत्या मोठ्यांची. आता सांगा, कुणी कुणाला निवडलं असेल? मोठ्यांनी आपलं सर्वोच्च पारितोषिक 'धनक'ला दिलं. मुलांनी 'धनक'चा खास उल्लेख जरूर केला, पण काचेचं अस्वल दिलं ते स्वीडिश चित्रपटाला.

हे मी पुन्हा पुन्हा लोकांना सांगते. मुलांना हलकंफुलकं हवं असतं, रंगीबेरंगी हवं असतं आणि शेवट गोड हवा असतो, हे आपण मोठ्यांनी ठरवून टाकलेलं आहे. त्या मुलांनी मात्र घरातल्या आजारपणाची, बहिणीबद्दलच्या रागाची आणि मायेची अवघड गोष्ट निवडली. 'धनक' कमी होता असं मी म्हणत नाही. दोन्ही ज्युऱ्यांनी आपापल्या जागेवरून पाहिलं, एवढंच. ज्या घरात आई-बाबा दार लावून हळू आवाजात बोलतात, तिथल्या मुलाला दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते ठाऊक असतं. ते मोठ्या परीक्षकाला आठवावं लागतं.

"पण 'सैराट' बालचित्रपट कसा?"

२०१६ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' सगळ्यात आधी बर्लिनमध्ये दाखवला गेला, आणि तोही याच जनरेशन विभागात, फोर्टीनप्लसच्या स्पर्धेत. हे कळल्यावर माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकाबाईंनी कपाळाला हात लावला. तो शेवट आणि मुलांच्या विभागात?

इथे 'बालचित्रपट' या आपल्या शब्दाचाच घोळ आहे. त्या एका शब्दात आपण निदान तीन गोष्टी कोंबतो. मुलांसाठी बनवलेला सिनेमा, मुलांबद्दलचा सिनेमा, आणि मुलांसोबत बसून पाहता येईल असा सिनेमा. 'सैराट' पहिल्यात बसत नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या जिवांवर जात कशी बेतते याची ती गोष्ट आहे आणि त्याच वयाच्या प्रेक्षकासमोर ती ठेवायला हवी, असं निवड करणाऱ्यांना वाटलं. विभागाच्या नावाने वय सांगितलेलंच आहे, चौदाच्या पुढे. सहा वर्षांच्या मुलाला तो कुणी दाखवला नाही.

उलटही घडतं. मुलांची गोष्ट असलेला चित्रपट मुलांच्या विभागात न जाता थेट मोठ्यांच्या पंक्तीला बसतो. इराणच्या जाफर पनाहींचा 'द व्हाइट बलून' घ्या. नव्या वर्षाच्या सणासाठी सोनमासा हवा म्हणून पैसे घेऊन बाहेर पडलेली एक लहान मुलगी, एवढंच कथानक. त्याला १९९५ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'कॅमेरा दोर' मिळाला, जो दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाला देतात. इराणमधून असे चित्रपट येत राहिले ते योगायोगाने नाही. तिथे १९६५ पासून 'कानून' नावाची मुलांच्या बौद्धिक वाढीसाठीची संस्था आहे. आधी पुस्तकं, वाचनालयं आणि मग सिनेमा. तिचा चित्रपट विभाग उभा करण्यात अब्बास किआरोस्तामींचा हात होता. आधी खत-पाणी झालं, पीक नंतर आलं.

तेव्हा 'बालचित्रपटाचा पुरस्कार' असं वाचलंत की घरच्या सात वर्षांच्या लेकराला लगेच शेजारी बसवू नका. विभाग कोणत्या वयाचा ते पाहा. आपल्याकडेही २०२४ च्या अखेरीपासून सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे येऊ लागले आहेत, त्याचीही मदत होते.

बूट, हजारो परीक्षक आणि आपला हत्ती

बर्लिनमध्ये मुलांना एक विभाग मिळाला. काही गावांनी मात्र अख्खा महोत्सवच त्यांच्या हवाली केला.

चेक देशातल्या झ्लीनमध्ये १९६१ पासून मुलांचा चित्रपट महोत्सव भरतो. जगातल्या सर्वांत जुन्या बालचित्रपट महोत्सवांपैकी हा एक. तिथलं बक्षीस आहे 'गोल्डन स्लिपर', सोनेरी बूट. बूटच का? कारण हे बाटाचं गाव. आपल्यापैकी कित्येकांनी जूनमध्ये शाळेसाठी जे काळे बूट घेतले, त्या बाटा कंपनीची सुरुवात १८९४ मध्ये याच झ्लीनमध्ये झाली. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. पायातल्या बुटाचं गाव सिनेमाला बूट देतं!

इटलीतल्या जिफोनीची गोष्ट आणखी वेगळी. दक्षिणेकडे, सालेर्नोजवळ, हेझलनटच्या बागांमधलं छोटंसं गाव. १९७१ मध्ये क्लाउदिओ गुबितोसी नावाच्या एका तरुणाने तिथे मुलांचा महोत्सव सुरू केला. आज तिथे ज्युरीत हजारो मुलं असतात, अगदी तीन वर्षांच्या चिमुरड्यांपासून वयाप्रमाणे गट पाडलेले. बाहेरगावहून आलेली मुलं गावातल्या कुटुंबांच्या घरी उतरतात. पंढरीच्या वाटेवर गावोगावी वारकऱ्यांची सोय लोकांच्या घरातच होते, ते ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच कळेल. सिनेमा संपला की दिग्दर्शक पुढे येऊन उभा राहतो आणि मुलं त्याला प्रश्न विचारतात. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो १९८२ मध्ये तिथे जाऊन आले आणि नंतर त्यांनी लिहिलं की सगळ्या महोत्सवांत सर्वांत गरजेचा हाच.

आणि आपण? आपण मागून आलो असं कुणी समजू नये. १९५५ मध्ये भारतात बालचित्रपट समिती स्थापन झाली. तिचा पहिला चित्रपट, केदार शर्मांचा 'जलदीप', १९५७ मध्ये व्हेनिसमध्ये बालचित्रपटांत पहिला आला. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. त्याच वर्षी समितीने मुंबईत आंतरराष्ट्रीय बालचित्रपट महोत्सव सुरू केला. त्याचं बक्षीस 'गोल्डन एलिफंट', सोन्याचा हत्ती. पुढे हैदराबाद हे त्याचं कायमचं घर झालं, दर दोन वर्षांनी बालदिनाच्या सुमारास. विसावा महोत्सव तिथेच २०१७ मध्ये झाला. २०२२ मध्ये समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. हा हत्ती पुन्हा दर दोन वर्षांनी डौलात चालताना बघायची माझी फार इच्छा आहे.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार हे याहून निराळं प्रकरण. 'एलिझाबेथ एकादशी'ला किंवा अलीकडे 'नाळ २'ला मिळालेला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा मान हा देशाचा सन्मान आहे, पण तिथे निर्णय मोठ्यांच्या समितीचा. खेळ, प्रेक्षक, दिग्दर्शकाला प्रश्न विचारणारी मुलं, हे महोत्सवाचं वातावरण तिथे नसतं.

निवड, पुरस्कार आणि पानांची कमान

पोस्टरवर दोन्ही बाजूंनी पानांची कमान आणि मध्ये महोत्सवाचं नाव, हे चिन्ह आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. त्याच्या आत बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचायला हवं. 'अधिकृत निवड' असेल तर चित्रपट तिथे दाखवला गेला, जिंकला असं नाही. अक्षय इंडीकर यांचा 'स्थलपुराण' २०२० मध्ये बर्लिनच्या केप्लसमध्ये निवडला गेला, उमेश कुलकर्णींचा 'विहीर' २०१० मध्ये फोर्टीनप्लसमध्ये होता. जगभरच्या चित्रपटांतून अशा ठिकाणी जागा मिळणं हीच मोठी गोष्ट आहे. तिला फुगवून 'विजेता' म्हणण्याची काही गरज नाही.

काही 'महोत्सव' मात्र फक्त वेबसाइटवर असतात. प्रवेश फी भरा, महिनाअखेरीस निकाल, जिंकलात तर ट्रॉफीचे पैसेही तुम्हीच द्या. पडदा नाही आणि प्रेक्षकही नाहीत. होतकरू मुला-मुलींनी पहिला लघुपट केला की या जाळ्यात सापडतात, आणि त्यांच्या आई-वडिलांचे पैसे जातात. मला याचं फार वाईट वाटतं. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: सिनेमा कोणत्या गावात, कोणत्या थिएटरात, कुणासमोर दाखवणार? उत्तर मिळालं नाही तर ते पैसे पुढच्या लघुपटाला ठेवा.

"गरिबी दाखवली की परदेशात बक्षीस मिळतं"

हे वाक्य कुणी ना कुणी म्हणतंच. 'किल्ला'तला चिन्मय गरीब नाही. वडील नुकतेच गेलेले, आईची सरकारी नोकरी, आणि बदली म्हणून पुण्याहून कोकणात आलेला अकरा वर्षांचा मुलगा. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात असं एखादं घर असतं. स्वीडिश चित्रपटातलं कुटुंबही खाऊन-पिऊन सुखी. दोन्हीकडे जिंकलं ते मुलाच्या मनात नीट डोकावणं. गरिबी दाखवणारे चित्रपटही जिंकतात, जरूर जिंकतात, पण नुसती गरिबी पाहून अकरा मुलं हात वर करत नाहीत.

पुरस्काराने हातात काय येतं?

बालचित्रपटात बहुधा मोठा नट नसतो, त्यामुळे वितरक, म्हणजे चित्रपट थिएटरांपर्यंत पोहोचवणारा व्यापारी, पैसा लावायला कचरतो. पुरस्कार ही त्याच्यासमोर ठेवायची शिफारस. युरोपात तिचा उपयोग जास्त होतो, कारण तिथे पुढची वाट तयार आहे. एका महोत्सवात गाजलेल्या चित्रपटाला दुसरे महोत्सव बोलावतात. युरोपातल्या बालचित्रपटवाल्यांची संघटना १९८८ पासून आहे. फ्रान्समध्ये १९९४ पासून शाळेच्या वेळात मुलांना थिएटरात नेऊन चांगले चित्रपट दाखवण्याची योजना चालू आहे.

आपल्याकडची वाट किती लांब, ते तारखाच सांगतात. 'किल्ला' बर्लिनच्या मुलांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये पाहिला. महाराष्ट्रात तो लागला २६ जून २०१५ ला. 'धनक' बर्लिनमध्ये फेब्रुवारी २०१५, भारतात जून २०१६. दोन्ही वेळा सोळा महिने. कोकणात घडणारी, मराठीत बोलणारी गोष्ट बर्लिनच्या पोरांनी कोकणातल्या पोरांच्या सोळा महिने आधी पाहिली, आणि त्यांनी तिला बक्षीस दिलं म्हणून ती आपल्या कानावर आली. यात निर्मात्यांचा दोष नाही. आपल्या गावात शाळेने, ग्रंथालयाने, मंडळाने मिळून मुलांना सिनेमा दाखवायची घडी बसलेली नाही, म्हणून हे होतं.

चादरीवरचा किल्ला

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी 'किल्ला' दाखवला. चाळीसेक मुलं होती. सुरुवातीची दहा मिनिटं चुळबुळ, पाण्याच्या बाटल्या, "ताई, पंखा मोठा करा ना". मग सायकली निघाल्या, पोरं किल्ल्यावर पोहोचली, पाऊस कोसळू लागला, आणि मित्र चिन्मयला तिथेच सोडून निघून गेले. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा उरला. पुढच्या रांगेतला एक मुलगा गुडघ्यांवर उभा राहिला होता, मागच्यांनी त्याला खाली बसवलंसुद्धा नाही.

सिनेमा संपल्यावर बर्लिनची नक्कल म्हणून मी कागद वाटले. तीन ओळी: काय आवडलं, काय आवडलं नाही, का. बहुतेकांनी खेकडे आणि सायकली लिहिल्या. सहावीतली एक मुलगी मात्र बराच वेळ बसून राहिली. तिचे बाबा बँकेत, आमच्या गावात ती आदल्या जूनमध्ये आलेली. तिने पहिली ओळ रिकामी सोडली होती. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "शेवट. कारण परत बदली झाली." आणि तिसऱ्या ओळीत, शाई थोडी फिसकटलेली, "पण खरं आहे."